रोममध्ये भाड्याने

रोमला जाऊन आलेल्या माणसासमोर रस्ता, नळ आणि गटार हे तीन शब्द उच्चारू नयेत. आमचे साडूभाऊ युरोपची सहल करून परतले तेव्हापासून मी हे पथ्य पाळत होतो. पण ते भेटायला आले नेमक्या त्याच दिवशी आमच्या बोळात जलवाहिनीसाठी चर खणलेला होता, आणि ते दारात उभे राहिले तेच मुळी एक पाय घोट्यापर्यंत चिखलात माखून. पाय धुवायला पाणी मागितलं. पाणी नव्हतं. चर त्याच्यासाठीच तर खणलेला होता.

चहा होईपर्यंत मोबाइल बाहेर निघाला. एका उंच कमानीखाली गोल टोपी घातलेले साडूभाऊ.

"ओळखा, काय आहे?"

"कमान."

"जलवाहिनी! दोन हजार वर्षं झाली, अजून उभी आहे. आणि तुमची?"

वास्तविक बोळातली जलवाहिनी माझी नव्हे. पण देशातला प्रत्येक खड्डा माझ्या सात-बाऱ्यावर चढलेला आहे, अशी साडूभाऊंची पक्की समजूत आहे. त्यानंतर लिफ्ट बंद पडो की पंखा घरघरो, रोम ठरलेलं. एका तेराव्याच्या जेवणात त्यांनी अप्पिया मार्ग काढला. इसवी सनपूर्व ३१२ मध्ये बांधायला घेतलेला रस्ता, अजून माणसं त्यावरून चालतात, वगैरे. "हा विषय आत्ता..." असं कुणीतरी पुटपुटलं, तर त्या रस्त्याच्या दुतर्फा थडगीच आहेत असं सांगून त्यांनी तो प्रसंगाला धरूनच असल्याचं सिद्ध केलं.

मग मी सूडबुद्धीने वाचायला लागलो. ज्ञानार्जनाचे हेतू थोरामोठ्यांनी पुष्कळ सांगून ठेवले आहेत. साडूला गप्प करणे हा त्यांत नाही, पण माझ्या वाट्याला तेवढाच उरला होता. मला एकच गोष्ट बघायची होती: खुद्द रोमन माणूस आपल्या शहराबद्दल काय म्हणत होता? उत्तर मिळालं आणि जिवाला गारवा वाटला. तो अखंड कुरकुरत होता. सहलीत दाखवतात ते टिकलेलं रोम. जे पडलं, जळलं, गळलं त्याच्यासमोर उभं राहून फोटो कोण काढणार?

समजा, मला पहिल्या शतकात बिऱ्हाड हलवून रोमला जायचंय. अंगणात कारंजं असलेलं ऐसपैस घर सिनेटरांसाठी. आमच्यासाठी 'इन्सुला', म्हणजे भाड्याची बहुमजली इमारत. तळाला दुकानं, त्यावर बऱ्यापैकी बिऱ्हाडं, आणि जितकं वर जाल तितकं भाडं कमी, जिने जास्त, पाणी अजिबात नाही. पाणी खालच्या सार्वजनिक हौदावरून भरून आणायचं. इमारती वारंवार कोसळायच्या, म्हणून सम्राट ऑगस्टसने उंचीवर ७० रोमन फुटांची मर्यादा घातली. पुढे ट्रेजनने ती ६० वर आणली. दुसरी घालावी लागली, यावरून पहिलीचं बिल्डरांनी काय केलं असेल हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

मार्शल नावाचा कवी असाच तीन जिने चढून राहायचा. लुपेर्कुस नावाचा एक फुकट्या त्याला रस्त्यात गाठून म्हणे, नोकराला पाठवतो, तुमचं नवं पुस्तक द्या, वाचून लगेच परत करतो. मार्शलने त्याला सांगितलं, त्या पोराला कशाला त्रास. मी राहतो लांब, त्यात तीन जिने, तेही उंच. त्यापेक्षा अर्गिलेटुम पेठेत दुकान आहे, पाच दिनारियस टाका, पुस्तक हातात. लुपेर्कुस म्हणाला, तेवढ्या लायकीचे तुम्ही नाही. मार्शल म्हणाला, शहाणे आहात. हा प्रसंग वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लेखक आणि वाचक यांचं नातं इतकं जुनं आहे याची मला कल्पना नव्हती.

वरच्या मजल्यावर राहण्याचा एकच फायदा. तिथून खाली काहीही टाकता येतं. फुटकी मडकी, उष्टं-खरकटं आणि रात्रीच्या भांड्यांतला ऐवज हे सगळं खिडकीतून थेट रस्त्यावर जायचं. रोमन कायदा जगप्रसिद्ध, त्याने याचीही दखल घेतली: खिडकीतून पडलेल्या वस्तूने नुकसान झालं तर त्या खोलीत राहणाऱ्याने दुप्पट भरपाई द्यायची. म्हणजे डोकं फुटलेल्या माणसाने खाली उभं राहून, कोणत्या मजल्यावरची खिडकी आत्ताच बंद झाली, हे नीट बघून ठेवायचं. ज्युव्हेनल या दुसऱ्या कवीने तर रात्री जेवायला बाहेर पडणाऱ्यांना सल्लाच दिला आहे, की मृत्युपत्र केल्याशिवाय निघू नका, आणि वरच्यांनी भांडं न टाकता नुसतं भांड्यातलंच टाकावं अशी प्रार्थना करत चला.

आता झोप. इसवी सनपूर्व ४५ च्या सुमारास ज्युलियस सीझरच्या काळात वाहतूककोंडीवर नामी उपाय निघाला. सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत शहरात मालाच्या गाड्यांना बंदी. अपवाद फक्त देवळांच्या बांधकामाचे, सरकारी पाडकामाचे, कचऱ्याच्या गाड्यांचे, व्रतस्थ वेस्टल कुमारिकांचे, विजयी मिरवणुकांचे आणि असेच आणखी थोडे. नियमापेक्षा अपवादांची यादी लांब झाली की तो नियम अनुभवी माणसांनी केलाय असं समजावं. दिवस मोकळा झाला. गाड्या कुठे गेल्या? रात्रीत गेल्या. लोखंडी धावांची चाकं दगडी फरशीवर, चिंचोळ्या बोळाच्या वळणावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्या, मागे कुणी घ्यायचं यावरून गाडीवानांचा संवाद. ज्युव्हेनल म्हणतो, रोममधले आजारी लोक आजाराने मरत नाहीत, जागरणाने मरतात. मार्शलने वेळापत्रकच दिलंय: रात्री पाववाले, सकाळी पोरांवर ओरडणारे मास्तर, दिवसभर तांबटांचे हातोडे.

सगळ्यात थोर मात्र सेनेका. हा तत्त्वज्ञ एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहत होता. मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने खालून येणारे आवाज एकेक करून नोंदवले आहेत. वजनं उचलणाऱ्यांचे हुंकार, मालिशवाल्याची थाप (तळहात चपटा पडला की पोकळ, यावरून आवाज बदलतो हेही), चेंडूच्या खेळात मोठमोठ्याने गुण मोजणारा, आंघोळ करताना स्वतःच्याच आवाजावर खूश होऊन गाणारा, धप्पकन पाण्यात उडी मारणारा, काखेतले केस उपटणारा न्हावी, जो किनऱ्या आवाजात गिऱ्हाईक बोलावतो आणि गप्प होतो तो गिऱ्हाइकाला ओरडायला लावतानाच. शिवाय सॉसेजवाले. एवढं सगळं सांगून तो म्हणतो, मन स्थिर असेल तर बाहेरच्या गोंगाटाने काही बिघडत नाही. पुढे पानभर स्थिर मनाचं विवेचन. आणि पत्राच्या शेवटी? मी ही जागा सोडतोय.

साडूभाऊंना हे ऐकवलं.

"पण आंघोळीला पाणी होतं ना?" ते म्हणाले. "तुमच्याकडे त्या दिवशी पाय धुवायला नव्हतं."

पाणी हे त्यांचं हुकमाचं पान होतं, आणि मी त्याचीच वाट बघत होतो. इसवी सन ९७ मध्ये सम्राट नर्व्हाने फ्रॉन्टिनस नावाच्या माणसाला रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमलं. साधासुधा माणूस नव्हे. ब्रिटनचा सुभेदार राहिलेला, तिथल्या टोळ्यांशी लढलेला. आयुष्यात प्लंबर मात्र भेटला नव्हता. हाताखालच्यांना विचारून विचारून कारभार करणं प्रामाणिक अधिकाऱ्याला लाजिरवाणं आहे असं त्याचं मत होतं, म्हणून त्याने स्वतःच सगळं तपासून एक पुस्तकच लिहून काढलं. ते पुस्तक उपलब्ध आहे. मी ते साडूभाऊंच्या वाढदिवसाला देणार आहे.

तेव्हा शहरात नऊ जलवाहिन्या येत होत्या. फ्रॉन्टिनसने आधी दप्तर उघडलं. नोंदीनुसार शहरात येणारं पाणी १२,७५५ क्विनारिया, हे त्यांचं माप. आणि वाटलेलं पाणी १४,०१८ क्विनारिया. म्हणजे आलेल्यापेक्षा १,२६३ क्विनारिया जास्त पाणी वाटलेलं. कागदावर असा चमत्कार करणारा कारकून कोणत्याही साम्राज्याला भूषणावह आहे. फ्रॉन्टिनस थक्क झाला आणि स्वतः उगमापाशी जाऊन मोजायला लागला. तिथे दप्तरातल्या आकड्याहून सुमारे १०,००० क्विनारिया जास्त पाणी निघालं. ते शहरात कागदोपत्री पोचतच नव्हतं.

गेलं कुठे? वाटेत शेतकऱ्यांनी पाट फोडून आपली वावरं भिजवली होती. उरलेलं शहरात पाणीखात्याच्याच माणसांनी मुरवलं. त्यांची युक्ती मला फार आवडली. नळांच्या जाडीची ठरलेली मापं होती. खात्याच्या माणसांनी त्यांतल्या काही मापांत गुपचूप फेरफार केला: गिऱ्हाइकाला द्यायचा नळ ठरल्यापेक्षा बारीक, आणि आपण घ्यायचा तो ठरल्यापेक्षा जाड. पाण्याचा परवाना एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला की टाकीला नवं भोक पाडायचं आणि जुनं बुजवायचं नाही. जुन्या भोकाचं पाणी खासगीत विकायचं. फरसबंदीखालून शहरभर चोरटे नळ गेले होते, ठिकठिकाणी त्यांना 'टोचलेलं' होतं, आणि हे टोचायचं काम बघायला एक खास माणूस होता. त्याच्या हुद्द्याचं नावही टोचण्यावरूनच पडलं होतं! फ्रॉन्टिनसने हे नळ उखडायला घेतले तेव्हा एवढं शिसं निघालं की नुसत्या शिशावरून चोरीचा अंदाज यावा.

माणसं कमी होती म्हणावं, तर तेही नाही. सरकारी ताफ्यात २४० आणि सम्राटाच्या ताफ्यात ४६०, म्हणजे ७०० गुलाम फक्त जलवाहिन्यांच्या देखभालीला. पण मुकादम त्यांना ओळखीपाळखीच्या लोकांच्या खासगी कामांवर पाठवायचे. जलवाहिनी गळत राहायची. कापेना नावाच्या वेशीवरून एक जलवाहिनी जायची. तिच्याखालून जाणाऱ्याच्या डोक्यावर बारमाही थेंब पडायचे, आणि त्याची नोंद मार्शल आणि ज्युव्हेनल या दोघांनीही केली आहे. अमर होण्याचे अनेक मार्ग आहेत. त्या गळतीने दोन अभिजात कवी पकडले.

"गळत होती?" साडूभाऊंनी मोबाइलमधली कमान पुन्हा काढून, बोटांनी मोठी करून पाहिली. कोरडी ठणठणीत होती.

पाण्याच्या बाबतीत ऑगस्टसचाही एक किस्सा आहे. त्याने अल्सिएटिना नावाची एक जलवाहिनी आणली. तिचं पाणी पिण्यालायक नव्हतं. ते कृत्रिम तळ्यात सोडून तिथे खोट्याखोट्या आरमारी लढाया दाखवायच्या, उरलं तर बागांना द्यायचं. एवढ्या शहाण्या राज्यकर्त्याने हे का केलं असावं, असं फ्रॉन्टिनस अत्यंत सभ्य भाषेत विचारतो. पुलांची दुरुस्ती निघून त्यांवरून येणारं पाणी थांबलं की नदीपलीकडच्या लोकांना नाइलाजाने तेच पाणी भरावं लागायचं. आणि हाच फ्रॉन्टिनस, चोऱ्यांची एवढी जंत्री हातात असताना, आमच्या या उपयुक्त जलवाहिन्यांपुढे ते निरुपयोगी पिरॅमिड काय, असंही लिहून जातो. मला त्याच्या डोक्यावर गोल टोपी दिसायला लागली.

मार्शलच्या पुढच्या घराजवळून मार्सिया ही उत्तम थंड पाण्याची जलवाहिनी वाहत होती, घरात मात्र थेंब नाही. शेवटी त्याने थेट सम्राट डोमिशियनला कवितेतून नळजोडणीचा अर्ज केला. सम्राटाची भरपूर स्तुती, मग मुद्दा. खात्याच्या खिडकीपाशी उभं राहण्यापेक्षा वृत्तात लिहिणं त्याला सोपं वाटलं असावं. याच डोमिशियनची त्याने आणखी एका गोष्टीसाठी आरती ओवाळली आहे: रस्त्यावरची अतिक्रमणं हटवल्याबद्दल. न्हावी, खाटीक, खाणावळवाले, दारूवाले सगळे उंबरठ्याबाहेर आले होते. गर्दीतच वस्तरे चालायचे, आणि न्यायाधीशाला चिखलातून जावं लागायचं. सगळं रोम म्हणजे एक दुकान झालं होतं. ते आता पुन्हा रोम झालं, असं मार्शल म्हणतो. ही मोहीम नव्वदीच्या आसपासची. न्हावी परत कधी आले हे सांगायला कवी उपलब्ध नाही.

घरमालकांची बाजूही ऐकली पाहिजे. सिसेरो हा वक्ता, तत्त्वज्ञ आणि घरमालक होता. इसवी सनपूर्व ४४ मध्ये त्याने मित्राला कळवलं की त्याची दोन दुकानं कोसळली आणि बाकीच्यांना तडे गेलेत. भाडेकरूच नव्हे, उंदीरसुद्धा सोडून गेले. दुसरा कुणी याला संकट म्हणाला असता, मी गैरसोयही म्हणत नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान. लगेच पुढे, नव्याने बांधताना यातून फायदा कसा काढता येईल, हा बेत. म्हणजे पुनर्विकास. धनाढ्य क्रॅसस त्याच्याही पुढे. चरित्रकार प्लूटार्क सांगतो, शहरात कुठे आग लागली की जळतं घर आणि त्याच्या शेजारची घरं घाबरलेल्या मालकांकडून तो पडत्या भावात विकत घ्यायचा. बांधकाम जाणणारे ५०० हून अधिक गुलाम त्याच्या पदरी होते. याउलट एग्नाशियस रुफस नावाच्या अधिकाऱ्याने स्वतःची माणसं घेऊन फुकट आगी विझवल्या. लोक त्याच्यावर इतके खूश झाले की तो मोठ्या पदाची स्वप्नं बघू लागला, आणि अखेर कटाच्या आरोपावरून त्याला देहदंड झाला. आग लावणाऱ्याला सरकार एकवेळ क्षमा करेल, परवानगीशिवाय विझवणाऱ्याला नाही. ऑगस्टसने सरकारी अग्निशामक दल उभारलं ते त्यानंतर, इसवी सन ६ मध्ये.

चिखलाचा विषय मात्र सम्राट कॅलिग्युलाने कायमचा निकालात काढला. तो वेडा होता असं म्हणतात. पण रस्त्यात घाण दिसली तेव्हा त्याने चौकशी समिती नेमली नाही. रस्तेसफाईची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला बोलावलं आणि शिपायांना सांगून त्याच्या झग्याच्या ओच्यात तो चिखल भरला. (याच्या आधी अग्रिप्पाने इसवी सनपूर्व ३३ मध्ये स्वतः होडीत बसून महागटारातून पाहणी केली होती. कॉन्सलचं सर्वोच्च पद भूषवून झालेल्या माणसाने. ती होडी आपल्याकडे निर्यात व्हायला हरकत नव्हती.) चिखलवाल्या अधिकाऱ्याचं नाव व्हेस्पेशियन. पुढे इसवी सन ६९ मध्ये तोच सम्राट झाला, आणि लोक म्हणाले, बघा, राज्य पदरात पडणार याचा तो शकुन होता. सम्राट झाल्यावर त्याने मुताऱ्यांतून गोळा होणाऱ्या मुतावर कर बसवला. मुलगा टायटस नाक मुरडायला लागला तेव्हा बापाने नाणं त्याच्या नाकाखाली धरून, वास येतो का, असं विचारलं. अनुभवी माणूस. घाणीतून काय काय मिळतं हे त्याला ओच्यापासून ठाऊक होतं.

सम्राट नीरोच्या काळात, ६४ मध्ये रोम जळालं. १४ विभागांपैकी ३ जमीनदोस्त, ७ मध्ये थोडे अवशेष, ४ सुखरूप. मग रुंद सरळ रस्ते आखले, घरांच्या उंचीला आळा घातला, पुढे ओसऱ्या काढायला लावल्या, सामाईक भिंती बंद केल्या. रोमकरांना आयुष्यात पहिल्यांदा नीट शहर मिळालं. त्यावर काही जण काय म्हणाले ते इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय. जुने अरुंद बोळच आरोग्याला बरे होते. आता ऊन फार लागतं.

साडूभाऊ पाँपेईलाही जाऊन आले होते. तिथे रस्त्यात ठेवलेल्या उंच दगडांवर उभं राहून काढलेला त्यांचा फोटो आहे. ते दगड कशासाठी, असं मी विचारलं.

"सौंदर्यदृष्टी!"

रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात आणि घाणीत पाय न बुडवता पलीकडे जाता यावं यासाठी ते दगड आहेत. शेजारी गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्याही होत्या. त्या चांगल्या खोल आहेत, फक्त त्या साडूभाऊंनी चौकटीबाहेर ठेवल्या होत्या. ६२ च्या भूकंपात पडझड झालेल्या कित्येक इमारतींची दुरुस्ती, ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हाही, म्हणजे १७ वर्षांनी, चालूच होती. भिंतीभिंतींवर निवडणुकीच्या जाहिराती. रस्ते आणि बाजार सांभाळणाऱ्या पदासाठी उभ्या राहिलेल्या व्हाटिया नावाच्या उमेदवाराला तर भिंतीवरून उशिरापर्यंत पिणाऱ्यांनी जाहीर पाठिंबा दिला आहे. दुसऱ्या एका भिंतीवर झोपाळूंनी, तिसऱ्या भिंतीवर भुरट्या चोरांनी. विरोधकांचा खोडसाळपणा असावा असं अभ्यासक मानतात. मला इतकी घाईने शंका घ्यावीशी वाटत नाही.

या पाँपेईत आपल्याकडचीही एक बाई होती. १९३८ मध्ये तिथे उत्खननात हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती सापडली. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता यक्षी म्हणतात. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती जालन्याजवळच्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाल्या आहेत. समुद्र ओलांडून बिचारी सुधारलेल्या देशात गेली आणि दुरुस्ती चालू असलेल्या गावात अडकली. हल्ली ती नेपल्सच्या संग्रहालयात असते. साडूभाऊंनी तिला पाहिली नाही. त्या वेळी ते बाहेर पिझ्झ्याच्या रांगेत होते.

मार्शलने अखेर रोम सोडलं. चौतीस वर्षं जिने चढून, जागरणं करून झाल्यावर ९८ च्या सुमारास तो स्पेनमधल्या आपल्या बिल्बिलिस या गावी परतला. मार्सेला नावाच्या उदार बाईंनी त्याला तिथे शेत आणि बाग दिली. तिथून त्याने ज्युव्हेनलला कवितेतून कळवलं, की तू बस तिकडे गोंगाटात वणवण करत, मी इथे सकाळ टळेपर्यंत झोपतो, तीस वर्षांची झोप वसूल करतोय. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत मात्र त्याने लिहिलं, की इथे रोमसारखे श्रोते नाहीत, ग्रंथालयं नाहीत, नाटकं नाहीत, बैठका नाहीत. आहे ती फक्त लहान गावातली कुजबुज आणि मत्सर. ही कुरकुर करत तो तिथेच वारला. गावी जायला त्याला धाकट्या प्लिनी या लेखकाने प्रवासखर्च दिला होता. तो जाण्याचा होता.